मायस्थेनियासोबत कोकणात राहताना: गोळीची वेळ, श्वासाचा आकडा आणि पावसाळ्याची तयारी

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा आजार जगभरच्या नोंदींनुसार दर १० लाख लोकांत साधारण १५० ते २५० जणांना असतो. म्हणजे तालुक्यात मोजकेच रुग्ण, आणि गावच्या डॉक्टरांनी आख्ख्या कारकिर्दीत एखाददुसरा पाहिलेला. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचा डॉक्टर) गाठायचा तर कोल्हापूर, मुंबई, नाहीतर गोव्यात बांबोळीचं सरकारी रुग्णालय. माझ्या आईला हा आजार आहे आणि आम्ही देवगड तालुक्यात राहतो. तिच्यासोबत राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: औषध कोणतं आणि किती हे डॉक्टर ठरवतील, पण गोळीची वेळ, श्वासाचा आकडा, चालत नाहीत अशा औषधांची यादी आणि घाट बंद झाला तर जायचा रस्ता, या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हव्यात. तज्ज्ञ येईपर्यंतचे तास घरच्यांच्याच हातात असतात.

आजार नेमका काय करतो

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत आला की नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. ते स्नायूवरच्या ग्राहींना (रिसेप्टर) जाऊन चिकटलं की स्नायू आकसतो. मायस्थेनियात शरीराची प्रतिकारशक्ती या ग्राहींविरुद्धच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ग्राही कमी उरतात. त्यामुळे पहिल्या काही हालचाली नीट होतात, मग त्याच स्नायूची ताकद ओसरत जाते. थोडं पडून राहिलं की परत येते. सकाळी बरं आणि दिवेलागणीला वाईट, हे या आजाराचं ठळक लक्षण.

म्हणूनच रुग्णाला आळशी ठरवलं जातं. सकाळी विहिरीवरून कळशी आणणारी बाई संध्याकाळी ताट उचलू शकत नाही, हे बघणाऱ्याला ढोंग वाटतं. ते ढोंग नसतं. घरात आणि वाडीत हे एकदा स्पष्ट सांगून टाका.

१९७३ साली अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मण्यारीच्या जातीतल्या सापाच्या विषाचा एक घटक वापरून दाखवलं की या रुग्णांच्या स्नायूंवरच्या ग्राही फार कमी झालेल्या असतात. ते विष नेमकं त्याच ग्राहींना जाऊन चिकटतं. याचा आपल्याकडे थेट उपयोग आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं चांगलं धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं आणि दोन्ही पापण्या पडल्या, तर मायस्थेनियाचा विचार नंतर करा. आधी मण्यार चावली असं धरून रुग्णालय गाठा. तिच्या दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. मायस्थेनिया असा एका रात्रीत सहसा येत नाही.

निदानापर्यंत पोचायचं कसं

निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात डोळ्यांपासून होते. एक पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात. पुढे भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलताना आवाज नाकात जातो, प्यायलेलं पाणी नाकातून परत येतं, केस विंचरताना हात गळून खाली येतात, मान धरवत नाही. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नसतो. चाळिशीच्या आतल्या बायका आणि साठीच्या पुढचे पुरुष यांच्यात हा जास्त दिसतो, पण कुणालाही होऊ शकतो. आमची आई "म्हातारपण इला, आनी काय!" म्हणून सगळ्यांना गप्प करायची, आणि चष्म्याचा नंबर बदलण्यातच बरेच दिवस गेले.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी दोन गोष्टी करा. एकाच जागी, एकाच उजेडात सकाळी उठल्याउठल्या आणि संध्याकाळी चेहऱ्याचे फोटो काढा, असं काही दिवस. आणि रुग्णाला १ ते १०० मोठ्यानं मोजायला सांगून व्हिडिओ घ्या. साठ-सत्तरनंतर आवाज घोगरा किंवा नाकातला होत असेल तर तो डॉक्टरांना ऐकवा. पहाटेच्या गाडीनं निघून सकाळी तपासणीला पोचलेला रुग्ण बरा दिसतो, म्हणून हा पुरावा जवळ असलेला चांगला.

दवाखान्यात कपड्यात गुंडाळलेला बर्फ मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं धरतात. पापणी वर आली तर संशय बळावतो. नंतर रक्तात अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहीविरोधी प्रतिपिंडं तपासतात. आजार अंगभर असलेल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत ती सापडतात, फक्त डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्यांतच. ती नसली तर मस्क नावाची दुसरी प्रतिपिंडं बघतात. नसेला पुन्हा पुन्हा सौम्य झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का, हीही चाचणी होते. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही, हे लक्षात ठेवा. छातीचा सीटी स्कॅन प्रत्येकाचा होतो, कारण १० ते १५ टक्के रुग्णांत छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ असते.

गोळीची वेळ

रोजची गोळी पायरिडोस्टिग्मिनची. ती अ‍ॅसिटिलकोलीन लवकर विरघळू देत नाही. आजार बरा करत नाही, ताकद काही तासांसाठी उसनी देते. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. दिवसाचं सगळं वेळापत्रक या तासांवर बसवा. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली की चावताना आणि गिळताना ताकद असते. आंघोळ, बँकेत जाणं, पाहुण्यांशी बोलणं, सगळं त्याच खिडकीत. मोबाईलवर गजर लावा आणि प्रवासात गोळी हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.

एक गोष्ट आपल्या हवेसाठी मुद्दाम. ही गोळी ओल फार लवकर ओढते. जून ते सप्टेंबर गोळ्या पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका, त्या मऊ पडतात. कंपनीच्या पाकिटातच किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत, आतल्या कोरड्या पुडीसकट ठेवा. न्हाणीघराशेजारच्या फळीवर तर नकोच.

पोटात मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं हे या गोळीचे नेहमीचे त्रास. थोडं खाऊन घेतली तर कमी होतात. अशक्तपणा वाढला म्हणून मनानं एक गोळी जास्त घेणं मात्र धोक्याचं आहे. जास्त मात्रेनंही स्नायू दुबळे होतात, घाम सुटतो, लाळ आणि कफ वाढतो, आणि हा अशक्तपणा आजाराचा की गोळीचा हे घरी ओळखता येत नाही.

प्रतिकारशक्ती आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड देतात. हे सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशक्तपणा काही काळ वाढू शकतो. डॉक्टरांनी हे सांगायचं राहिलं तर घरचे घाबरून औषध बंद करतात. तसं करू नका, फोन करा, आणि ते दिवस रुग्णाला एकटं ठेवू नका. कित्येक आठवडे घेतलेलं स्टिरॉईड एकदम कधीच थांबवायचं नाही. साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडं यांची तपासणी वेळच्या वेळी करा. सुकट, खारवलेले मासे, लोणचं, पापड यांचं मीठ स्टिरॉईडसोबत अंगावर सूज आणतं. आपल्याकडे पावसाळ्यात जेवण यावरच चालतं, तेव्हा रुग्णाच्या पानात हात आखडता ठेवा.

अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या, प्रतिकारशक्ती आवरणाऱ्याच दुसऱ्या औषधाचा गुण यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडू नका. त्यावर असताना रक्तातल्या पेशी आणि यकृत तपासावं लागतं, सुरुवातीला वारंवार. युरिक अ‍ॅसिडसाठी दिलेलं अ‍ॅलोप्युरिनॉल याच्यासोबत घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली येतात. गुडघेदुखीची गोळी कुणी लिहून दिली तर तिचं नाव वाचा.

श्वासाचा आकडा

या लेखातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. १५ ते २० टक्के रुग्णांना कधी ना कधी श्वासाचे स्नायू थकण्याचा झटका येतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. ताप, छातीचा संसर्ग, शस्त्रक्रिया, चुकीचं औषध ही नेहमीची कारणं.

यासाठी घरी पैसा न लागणारी चाचणी आहे. पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात, साधारण सेकंदाला दोन या वेगानं, मोठ्यानं आकडे मोजायचे. चांगल्या दिवशी तुमचा आकडा किती येतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा बघा, ताप किंवा सर्दी असेल तर दिवसातून दोनदा. नेहमीपेक्षा बराच खाली घसरला किंवा विसाच्या आत आला, तर लगेच डॉक्टरांना फोन. पंधरापर्यंतही जात नसेल तर फोनवर बोलत बसायचं नाही, निघायचं.

सोबत ही लक्षणं बघा: आडवं पडलं की धाप लागते, खोकला जोरात येत नाही, लाळ गिळता येत नाही, मान पुढे पडते, दोन शब्द बोलून थांबावं लागतं. यातलं काहीही नवीन असेल तर ते आकड्याइतकंच गंभीर.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. यात ऑक्सिजन शेवटी घसरतो. ९७ दाखवत असताना रुग्ण काही तासांत व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो, कारण बिघाड फुप्फुसात नसून छाती हलवणाऱ्या स्नायूंत असतो. "ऑक्सिजन चांगला आहे, घरी न्या" असं कुणी म्हटलं तर शांतपणे, पण ठामपणे, रुग्णाला मायस्थेनिया आहे आणि श्वासाची क्षमता मोजायची आहे असं सांगा.

१०८ ला फोन करताना "श्वासाचा आजार, व्हेंटिलेटर असलेली गाडी हवी" असंच म्हणा. त्यांच्याकडे साध्या आणि जादा सोयीच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात. रुग्णाला बसतं ठेवा. पाणी, चहा, तीर्थ, गोळी, तोंडातून काहीही देऊ नका. ते श्वासनलिकेत जाईल. जवळच्या रुग्णालयात श्वासाला आधार मिळू शकत असेल तर आधी तिथे स्थिर करून मग घाट चढणं बरं. मोठ्या रुग्णालयात पुढचा उपचार म्हणजे आयव्हीआयजीची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) सलाईनं किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं. वेळेत पोचलेले बहुतेक रुग्ण यातून चालत घरी येतात.

चालत नाहीत ती औषधं

एक कार्ड करा, पाकिटाएवढं, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं, न्यूरॉलॉजिस्टचा फोन आणि ही यादी: जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि त्या कुळातली इतर, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्विनीन, क्लोरोक्विन, शिरेतून मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलोल, अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल, काचबिंदूचे टिमोलोलचे थेंब, बोटॉक्स, झोपेच्या गोळ्या. यातली काही जीवच धोक्यात असेल तर देखरेखीखाली द्यावी लागतात, तो निर्णय डॉक्टरांचा. आणि बीपीची गोळी आधीपासून चालू असेल तर मनानं बंद करू नका, विचारून बदला.

ही यादी कागदी वाटेल, पण आपल्याकडे जुलाबाला सिप्रो आणि घसा धरला की अ‍ॅझिथ्रो मेडिकलच्या खिडकीवरून मिळतं. मेडिकलवाल्याकडेही कार्डाची प्रत ठेवा. पॅरासिटामॉल, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली (नाव 'सेफ'नं सुरू होणारी) अँटिबायोटिकं सहसा चालतात. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आरोग्यसेविका डॉक्सिसायक्लिन वाटते, तेही सहसा चालतं. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन-तीन तास लांब घ्या. तरीही रुग्णानं चिखलात उतरू नये. स्टिरॉईडवरच्या माणसाला लेप्टो झाला तर जड जातं.

गरोदर मुलींच्या घरच्यांनी एक लक्षात ठेवावं. बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते मायस्थेनियात घातक ठरू शकतं. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, न्यूरॉलॉजिस्टला आधी कळवूनच. मायकोफिनोलेटसारखं औषध चालू असेल तर दिवस राहण्याआधी बदलून घ्यावं लागतं. जन्मलेल्या काही बाळांत आईची प्रतिपिंडं उतरून काही आठवडे अशक्तपणा दिसतो आणि जातो. बाळाच्या दूध ओढण्यावर लक्ष ठेवा.

गुरवाकडे कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, काही बिघडत नाही, आम्हीही घातलं. गोळी त्या दिवशीही वेळेवर. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, अश्वगंधा, गुळवेल मात्र नकोत. इथे प्रतिकारशक्तीच अंगावर आलेली असते.

मोहोरावरची फवारणी

हा मुद्दा शहरातल्या डॉक्टरांना सहसा सुचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यासाठी फवारण्या सुरू होतात, काजूलाही होतात. त्यातली क्विनॉलफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलीन विरघळवणाऱ्या त्याच द्रव्याला अडवतात ज्याला पायरिडोस्टिग्मिन अडवते. गोळीवर असलेल्या माणसाच्या अंगात ते श्वासातून किंवा कातडीतून गेलं की दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. लाळ, घाम, जुलाब, बाहुल्या बारीक, स्नायू फडफडणं, धाप. घरचे म्हणणार आजार वाढला, आणि आणखी एक गोळी देणार.

तेव्हा नियम असा: रुग्णानं फवारणी करायची नाही, औषध कालवायचं नाही, फवारणीत घातलेले कपडे धुवायचे नाहीत. घर कलमांना लागून असेल तर फवारणीच्या दिवशी त्याला दुसऱ्या वाडीत पाठवा. शेजारच्या बागायतदाराला आधी सांगून ठेवा, बहुतेक जण ऐकतात. दवाखान्यात जावं लागलं तर फवारणी झाल्याचं सांगा आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो दाखवा.

एकाचे दोन दिसत असताना झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढणं, होडीत उभं राहणं, समुद्रात एकट्यानं पोहणं हे बंद. कष्टाच्या माणसाला हे सांगणं कठीण जातं. त्याला दुसरं काम द्या: पेटीत आंबा लावणं, हिशेब, बसून प्रतवारी. हात थकले की थांबायचं, थांबल्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

जेवण, आंघोळ, उकाडा

मोठं जेवण सकाळच्या बाजूला आणा, रात्री हलकं. संध्याकाळी भाकरी चावत नसेल तर उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, घावणे, नाचणीची आंबील. अगदी पातळ पाणी नाकातून येत असेल तर घट्टसर पेज जास्त सुखरूप उतरते. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, घासाघासात थांबायचं, जेवताना बोलायचं नाही. पेडवे, तारली, मांदेली असे काटेरी मासे टाळा. सुरमईची काटे काढलेली तुकडी कुस्करून द्या.

उष्णतेनं अशक्तपणा वाढतो. कढत पाण्याची आंघोळ नको, कोमट, आणि स्टुलावर बसून. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. वीज गेली तर मानेवर ओला पंचा. संडास घरामागे लांब असेल तर कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा, रात्री ओल्या कातळावरून नेऊ नका.

पावसाळ्याआधी

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या गावांत वीज यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली, त्यात औषधांची दुकानंही होती. तेव्हा मे अखेरीस दोन महिन्यांची औषधं घरात हवीत. पायरिडोस्टिग्मिन तालुक्याच्या दुकानात नेहमी नसते, आधी सांगून मागवा.

जायचे दोन रस्ते ठरवा. आमच्याकडे फोंडा घाटानं कोल्हापूर हा पहिला आणि हायवेनं बांबोळी हा दुसरा. रत्नागिरीकरांना आंबा घाट, चिपळूणकरांना कुंभार्ली, सावंतवाडीकरांना आंबोली. दरड कोसळली की घाट बंद, म्हणून निघण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा एसटी डेपोत फोन करून विचारा. रेल्वे पावसाळी वेळापत्रकानं हळू धावते, तातडीच्या प्रसंगी तिच्यावर भिस्त नको. पावसाळ्यात ताप आला तर सकाळीच दाखवा, रात्रीची वाट बघू नका.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी विचारून घ्या. स्टिरॉईडसारखी औषधं चालू असताना जिवंत विषाणूच्या लशी घेत नाहीत.

ऑपरेशन आणि कागद

थायमसमध्ये गाठ असेल तर ती काढतातच. गाठ नसली तरी प्रतिपिंडं सापडलेल्या, साठ-पासष्टच्या आतल्या रुग्णांना थायमस काढल्यानं फायदा होतो हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. गुण हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत येतो. कुठल्याही ऑपरेशनआधी, दात काढण्याआधीही, भूलतज्ज्ञाला कार्ड दाखवा. भुलीतली स्नायू सैल करणारी औषधं या रुग्णांना वेगळ्या मापानं द्यावी लागतात.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मायस्थेनिया नावानं नाही. कायमची हालचालीची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून बघा, मात्र प्रमाणपत्र मिळेलच असं धरून चालू नका. आयव्हीआयजी महाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचारातलं काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होतानाच, पहिल्या दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती, जुने अहवाल, सीटीची सीडी आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. रात्री दोनला निघायची वेळ आली तर शेजाऱ्यालाही ती सापडली पाहिजे.